तीन अक्षरांचा ‘कुम’ आणि सहा शब्दकोश : कोणता कोश कुठे कामाला येतो

इंग्रजीत सी, डब्ल्यू, एम अशा तीन अक्षरांचा एक शब्द आहे. पहिल्यांदा पाहिला की छपाईची चूक वाटते, कारण त्यात स्वर दिसतच नाही. उच्चार ‘कुम’, इंग्रज माणूस तो जरा लांबवून ‘कूम’ म्हणतो. शब्द वेल्श भाषेतला. तिथे डब्ल्यू हे अक्षर स्वराचंही काम करतं आणि ‘उ’सारखं वाचलं जातं, म्हणजे स्वर आहे, फक्त इंग्रजी डोळ्याला तो ओळखू येत नाही.

ऑनलाइन शब्दकोशांची पारख करायला आम्ही हाच शब्द घेतला, त्याला कारण आहे. तो इंग्रजीत दोनदा आला आहे, शेकडो वर्षांच्या अंतरानं आणि दोन वेगळ्या स्पेलिंगनी. मूळ भाषेत त्याचा अर्थ एक आहे आणि इंग्रजीनं धरून ठेवलेला अर्थ दुसरा. शिवाय त्याच्यासारखे दिसणारे पण त्याच्याशी काडीचंही नातं नसलेले शब्द आजूबाजूला भरपूर आहेत. एखादा कोश किती खोलात जातो, कुठे उरकून टाकतो आणि कुठे फसवतो, हे असा शब्द लगेच दाखवून देतो. ‘टेबल’ किंवा ‘हाउस’ शोधून ते कळत नाही. तिथे सगळेच कोश चांगले वाटतात.

निकाल आधीच सांगतो. नुसता अर्थ हवा असेल तर कॉलिन्स. इंग्रजीतला इतिहास हवा असेल तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीला तोड नाही, पण तिला वर्गणी लागते. आणि शब्दाचं मूळ खरंच तपासायचं असेल तर वेल्श भाषेचा स्वतःचा ऐतिहासिक कोश, जो पूर्ण मोफत आहे आणि ज्याच्याकडे बहुतेक जण फिरकतच नाहीत. बाकीचे कोश वाट दाखवायला चांगले, साक्षीला उभं करायला नाहीत.

आधी शब्द नीट समजून घेऊ

वेल्शमध्ये ‘कुम’ म्हणजे दरी, खोरं. कुठलीही. दक्षिण वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या लांबलचक दऱ्यांना वेल्शमध्ये ‘कुम’चंच अनेकवचन वापरतात : ‘कमोइद’. तिथल्या ‘कुमब्रान’ या गावाच्या नावात हाच शब्द आहे. ‘ब्रान’ म्हणजे कावळा.

इंग्रजीत मात्र भूगोलाच्या अभ्यासकांनी आणि गिर्यारोहकांनी तो एका खास भूरूपासाठी उचलला. मराठी पाठ्यपुस्तकं त्याला हिमगव्हर म्हणतात. डोंगराच्या कुशीतल्या खळग्यात वर्षानुवर्षं बर्फ साचतं, स्वतःच्याच वजनाखाली दबून त्याची हिमनदी होते आणि ती त्या खळग्यात गोलाईनं फिरल्यासारखी खाली सरकते. सरकताना मागच्या कड्याचे दगड उपटून नेते, तळ खरवडून खोल करते आणि पुढच्या कडेला उंबरठ्यासारखा ओठ सोडते. बर्फ गेलं की मागे उभी भिंत, पुढे ओठ आणि मधे बहुधा एक तळं. उत्तर वेल्समधलं कुम इदवाल हे याचं नमुनेदार उदाहरण आहे. १८३१ साली चार्ल्स डार्विन भूशास्त्रज्ञ सेजविकबरोबर तिथे खडक तपासत हिंडला आणि हिमनदीच्या खुणा डोळ्यांसमोर असूनही दोघांनाही त्या दिसल्या नाहीत. १८४२ मध्ये डार्विन पुन्हा गेला तेव्हा त्याला त्या स्पष्ट दिसल्या. मधल्या काळात हिमयुगाची कल्पना मांडली गेली होती, म्हणून.

या शब्दाला जगभर नेलं ते एव्हरेस्टनं. एव्हरेस्ट, ल्होत्से आणि नुप्त्से यांच्या मधल्या हिमदरीला १९२१ च्या पाहणी मोहिमेत जॉर्ज मॅलरीनं ‘वेस्टर्न कुम’ असं नाव दिलं. एव्हरेस्टच्या वर्णनांत तो शब्द वाचून गोंधळलेले वाचकच बहुधा शब्दकोश उघडतात.

याच भूरूपाला स्कॉटलंडमध्ये ‘कॉरी’ म्हणतात, ते गेलिकमधल्या ‘कोरे’ म्हणजे कढई किंवा हंड्यावरून. फ्रेंचमधून आलेला ‘सर्क’ लॅटिन ‘सर्कस’ म्हणजे वर्तुळावरून. जर्मन ‘कार’ भांड्याच्या जुन्या शब्दावरून. भांड्याची ही उपमा लक्षात ठेवा, पुढे ती एका मोठ्या सापळ्याशी नेते.

अर्थासाठी : कॉलिन्स आणि मेरियम-वेब्स्टर

कॉलिन्सची मोफत साइट या शब्दाचे दोन्ही अर्थ वेगवेगळे देते : वेल्समधली दरी आणि भूशास्त्रातलं हिमगव्हर. सामान्य वाचकाला एवढं पुरतं, आणि हे दोन अर्थ वेगळे करून देणं हेच तर अर्ध्याहून जास्त काम आहे. ‘कुमब्रान’ म्हणजे हिमगव्हरातलं गाव, अशी चूक त्यामुळे टळते. व्युत्पत्ती तिथे जेमतेम एका ओळीची. तिच्यासाठी या साइटवर जाऊच नये.

मेरियम-वेब्स्टर हा अमेरिकन कोश. तो वाचकाला थेट ‘सर्क’ या नोंदीकडे पाठवतो. म्हणजे भूशास्त्राचा अर्थ मिळतो, वेल्श लोकांचा रोजचा अर्थ हाती लागत नाही. मात्र त्याची दोन वैशिष्ट्यं कामाची आहेत. पहिलं, बहुतेक नोंदींखाली शब्द सर्वात आधी लिखित स्वरूपात कधी सापडला ते साल असतं आणि त्या सालावर टिचकी मारली की त्याच वर्षी नोंदलेले बाकीचे शब्दही दिसतात. दुसरं वैशिष्ट्य ठाऊक नसल्यानं अनेकांची फसगत होते : या कोशातले अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावलेले असतात. पहिल्या क्रमांकाचा अर्थ हा सर्वात प्रचलित अर्थ असेलच असं नाही, तो सर्वात जुना असतो. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे कोश नेमके याच्या उलट लावलेले असतात. तिथे सर्वात चालणारा अर्थ वर. दोन कोश शेजारी ठेवून ‘यांच्यात एकवाक्यता नाही’ म्हणणारे बहुतेक वाचक फक्त क्रमाच्या या फरकाला अडखळलेले असतात.

शोधयंत्रात शब्द टाकल्यावर सर्वात वर जी चौकट येते तिच्याबद्दल एवढंच : तिथला इंग्रजी मजकूर ऑक्सफर्ड लँग्वेजेसचा असतो, पण तो आजच्या वापराच्या कोशातला. नावातलं ‘ऑक्सफर्ड’ पाहून ती मोठ्या ऐतिहासिक कोशाची नोंद समजू नका. अवतरणं नाहीत, तारखांचे पुरावे नाहीत.

एटिमऑनलाइन : जलद, वाचनीय, पण एका माणसाची वही

व्युत्पत्ती म्हटलं की बहुतेकांची बोटं आपोआप इकडे वळतात. डग्लस हार्पर यांनी एकट्यानं उभं केलेलं हे संकलन आहे आणि त्यामागचे कष्ट थक्क करणारे आहेत. पान लगेच उघडतं, भाषा सोपी असते, आणि एका शब्दावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाण्याची सोय इतकी छान आहे की दोन तास कसे गेले ते कळत नाही.

मर्यादा मात्र माहीत हव्यात. हार्पर स्वतः संशोधन केल्याचा दावा करत नाहीत. आधीच्या मोठ्या कोशांतला माल ते सुटसुटीत करून मांडतात. नोंदीतलं कुठलं विधान कुठल्या कोशातून आलं ते बहुतेक वेळा त्या विधानाजवळ लिहिलेलं नसतं. आधारग्रंथांची यादी वेगळी असते. त्यामुळे एखादी गोष्ट खटकली तर ती तपासायला धागा सापडत नाही. आणि तिथली तारीख म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. तो लिखाणात टिकून राहिलेला सर्वात जुना पुरावा. डोंगर-दऱ्यांचे शब्द तर शतकानुशतकं बोलण्यात असतात आणि कागदावर उशिरा येतात.

आमचा शब्द इथे शोधायचा तर इंग्रजीतल्या जुन्या भावंडाच्या नोंदीकडे जावं, म्हणजे ‘कूम’ उच्चाराच्या ‘कोम्ब’कडे. त्याची स्पेलिंगं अनेक आहेत : एक ओ किंवा दोन, शेवटी ई असलेलं किंवा नसलेलं. एका स्पेलिंगनं नोंद मिळाली नाही म्हणून शब्द नाही असं समजू नये. चारही घालून पाहावीत. हा नियम सगळ्याच कोशांना लागू आहे.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी : महाग, पण तिच्यावाचून गत्यंतर नाही

या कोशाची कल्पना १८५७ ची, पहिला भाग छापला गेला १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये. १९८९ ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची. २००० सालापासून तो ऑनलाइन आहे आणि तिसऱ्या आवृत्तीचं काम नोंद-नोंद करत चालू आहे. ही शेवटची गोष्ट वापरणाऱ्याच्या दृष्टीनं सर्वात महत्त्वाची. कारण एकाच कोशात काही नोंदी ताज्या तपासलेल्या असतात आणि काहींचा गाभा थेट व्हिक्टोरियन काळातला असतो. कुठलीही नोंद उघडली की आधी तिचा इतिहास पाहा. ती सुधारली आहे की नाही आणि पहिल्यांदा कधी छापली गेली, ते तिथे लिहिलेलं असतं. जुन्या नोंदीतली व्युत्पत्ती चुकीचीच असेल असं नाही, पण त्यानंतरच्या शंभर वर्षांत केल्टिक, म्हणजे वेल्श आणि गेलिक ज्या कुळातल्या त्या, भाषांच्या अभ्यासात जी भर पडली ती तिला ठाऊक नसते.

या कोशाचा जीव अवतरणांत आहे. प्रत्येक अर्थाखाली त्या अर्थानं शब्द वापरलेली खरी वाक्यं सालवार लावलेली असतात. अर्थ कसा सरकला हे कुणी सांगावं लागत नाही, ते वाचताना दिसतं. शब्दाआधी खंजिरासारखं चिन्ह असेल तर तो वापर आता मेलेला. एखाद्या रूपाआधी तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेनं ते मांडलेलं आहे. तारा न बघता ‘मूळ केल्टिक शब्द असा होता’ असं छातीठोकपणे सांगणारे फार आढळतात.

वर्गणीशिवाय नोंदीचा काही भागच दिसतो. सार्वजनिक किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं सभासदत्व असेल तर आधी तिथे चौकशी करावी, कारण अनेक ग्रंथालयं वर्गणी भरतात आणि सभासदाला घरबसल्या प्रवेश देतात. स्वतः पैसे भरायचेच झाले तर ते प्रगत शोधासाठी वसूल होतात. मूळ भाषेचा निकष लावून वेल्शमधून इंग्रजीत आलेले सगळे शब्द एका यादीत काढता येतात. आणि नोंदीवरून ऐतिहासिक समानार्थी कोशात जाता येतं. हा कोश ग्लासगो विद्यापीठानं १९६५ पासून काम करून २००९ मध्ये छापला. ‘डोंगरातला खळगा’ या अर्थाचे इंग्रजी शब्द तिथे सालांच्या क्रमानं मिळतात. ग्लासगो विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवर हा समानार्थी कोश मोफत आहे, त्यामुळे फक्त एवढंच हवं असेल तर वर्गणी भरू नये.

एका ‘ब’ची साक्ष

आता या शब्दातली सर्वात रंजक गोष्ट, आणि कोशांची खरी कसोटी.

जुन्या इंग्रजीत ‘कुम्ब’ असा शब्द होता, अर्थ दरी. तो मुख्यतः जमिनींच्या दानपत्रांत आणि गावांच्या नावांत सापडतो. दानपत्रात हद्द सांगताना ओढा, झाड, टेकडी, दरी अशा खुणा लिहाव्या लागत, म्हणून. इल्फ्राकूम, सॅल्कम, कॅसल कूम या गावांच्या नावांच्या शेवटी तोच शब्द बसलेला आहे. आजचं इंग्रजी ‘कोम्ब’ त्याचंच रूप.

बहुतेक छोटे कोश इथे ‘वेल्श कुमवरून’ असं लिहून मोकळे होतात. हे बरोबर नाही. इंग्रजांच्या पूर्वजांनी हा शब्द उचलला तो त्या बेटावर त्यांच्याआधीपासून बोलल्या जाणाऱ्या ब्रिटॉनिक भाषेतून, आणि वेल्श ही त्या भाषेची लेक. म्हणजे वेल्श ‘कुम’ आणि इंग्रजी ‘कोम्ब’ ही माय-लेकरं नाहीत, एका आईची दोन भावंडं आहेत. फरक इतकाच की एक जन्मघरी राहिलं आणि दुसरं दत्तक गेलं. याचा पुरावा शब्दातच आहे. मूळ रूपात ‘म्ब’ असा जोड होता. वेल्शकडे येताना त्यातला ‘ब’ ‘म’मध्ये विरून गेला, म्हणून ‘कुम’. जुन्या इंग्रजीत मात्र ‘ब’ शाबूत आहे. तो हवेतून आलेला नाही. शब्द घेतला तेव्हा देणाऱ्याच्या तोंडात तो होता. पुढे इंग्रजीतही शेवटचा ‘ब’ उच्चारातून गळाला, जसा ‘लॅम्ब’ आणि ‘क्लाइम्ब’च्या स्पेलिंगमधला गळाला, पण लिहिण्यात तो राहिला. फ्रेंचमध्येही ‘कोंब’ म्हणजे लहान दरी असा शब्द आहे. तो गॉलमधल्या, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या, केल्टिक भाषेतून आलेला चुलतभाऊ.

मग अनेक शतकांनी, वेल्सच्या डोंगरांकडे प्रवासी आणि भूशास्त्रज्ञ वळल्यावर, इंग्रजीनं तोच शब्द वेल्शमधून पुन्हा घेतला, या वेळी वेल्श स्पेलिंगसकट. हा दुसरा प्रवेश.

कोश वाचताना म्हणूनच दोन शब्दांकडे डोळे लावून बसावं : ‘पासून’ आणि ‘तुलना करा’. ‘वेल्श कुमपासून’ आणि ‘वेल्श कुमशी तुलना करा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात वारसा सांगितलेला असतो, दुसऱ्यात नुसतं नातं. चांगला कोश ‘कोम्ब’च्या नोंदीत दुसरा शब्दप्रयोग वापरतो आणि तीन अक्षरी ‘कुम’च्या नोंदीत पहिला. एखाद्या कोशानं दोन्हीकडे एकच लिहिलं असेल तर तिथली व्युत्पत्ती वरवरची आहे असं खुशाल समजा.

जीपीसी : ज्याची भाषा त्याचा कोश

‘गेइरियादिर प्रिव्हस्गॉल कम्री’, म्हणजे वेल्स विद्यापीठाचा शब्दकोश. नाव लांब आहे म्हणून जीपीसी म्हणतात. वेल्शचा हा प्रमाण ऐतिहासिक कोश, इंग्रजीसाठी ऑक्सफर्डचा जो मान तोच वेल्शसाठी याचा. छापील आवृत्ती १९५० ते २००२ अशी भागाभागानं पूर्ण झाली आणि २०१४ पासून तो ऑनलाइन, सर्वांसाठी खुला आहे.

वेल्श येत नाही म्हणून याला घाबरू नये. व्याख्या वेल्शमध्ये असते, पण तिच्या पाठोपाठ इंग्रजी प्रतिशब्द दिलेले असतात. व्युत्पत्तीच्या भागात इतर केल्टिक भाषांतली भावंडं असतात, अनेकवचनं असतात आणि खाली जुन्या हस्तलिखितांपासूनची अवतरणं शतकांच्या खुणांसह. म्हणजे ‘वेल्शमध्ये याचा अर्थ खरंच हिमगव्हर आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर इंग्रजी कोशाच्या तोंडून ऐकण्याऐवजी वेल्श लेखकांच्या वाक्यांतून मिळतं. आमच्या मते या शब्दासाठी सर्वात मोठा नफा इथेच आहे, आणि तोही एक पैसा न देता.

गैरसोय : संक्षेप फार आहेत आणि तेही वेल्शमधले. संक्षेपांची यादी वेगळ्या खिडकीत उघडी ठेवून वाचावं. पहिल्या चार-पाच नोंदींनंतर त्रास होत नाही.

हाच न्याय ‘कॉरी’ला लावायचा तर देणाऱ्या गेलिकचा कोश हवा; घेणाऱ्याच्या बाजूला स्कॉट्स भाषेच्या कोशांची मोफत साइट आहे. उसना शब्द तपासताना उसना घेणाऱ्याचा कोश आणि देणाऱ्याचा कोश असे दोन्ही उघडायचे. एवढी एक सवय लागली तरी निम्म्या चुका होत नाहीत.

विक्शनरी : दार म्हणून उत्तम

डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या या खुल्या कोशाची खरी ताकद ही, की एका स्पेलिंगच्या पानावर सगळ्या भाषांतले शब्द एकाखाली एक मिळतात. आपल्या तीन अक्षरांच्या पानावर इंग्रजी आणि वेल्श दोन्ही भाग आहेत. वेल्श भागात एक तक्ता असतो जो दुसरीकडे इतक्या सहज सापडत नाही. वेल्शमध्ये मागच्या शब्दाच्या प्रभावानं पुढच्या शब्दाचा पहिला वर्ण बदलतो, त्यामुळे ‘कुम’चं ‘गुम’ होतं, ‘ङ्हुम’ होतं, ‘खुम’ही होतं. नकाशावर किंवा पाटीवर असं बदललेलं रूप दिसलं आणि ते शोधलं तर छापील कोशात हाती काही लागत नाही, कारण तिथे शब्द मूळ रूपात असतो. तो तक्ता परतीची वाट दाखवतो.

विश्वास किती ठेवावा? शब्द नोंदवायला त्यांचा नियम कडक आहे : इंग्रजीसारख्या भाषेत किमान एका वर्षाच्या अवधीत पसरलेले, एकमेकांशी संबंध नसलेले तीन लिखित वापर दाखवावे लागतात. व्युत्पत्तीचं तसं नाही. काही नोंदी अभ्यासकांनी उत्तम आधार देऊन लिहिलेल्या असतात आणि काही कुणीतरी अंदाजानं. व्युत्पत्तीच्या वाक्याला तळटीप आहे का ते पाहावं. नसेल तर पानाचा इतिहास उघडावा; ते वाक्य कधी आलं आणि कुणी बदललं, ते तिथे कळतं.

सापळे

मराठी वाचकाच्या मनात आतापर्यंत ‘कुंभ’ येऊन गेला असेलच. गेलिकमध्ये कढई, जर्मनमध्ये भांडं, मग ‘कुम्ब’ म्हणजे आपला कुंभच ना? ग्रीकमध्येही ‘क्युंबे’ म्हणजे वाटी किंवा नाव असा शब्द आहे. मोह जबरदस्त आहे आणि काही जुन्या कोशांनी ही सगळी मंडळी एका पंगतीला बसवलीही आहेत. अडचण व्यंजनांची आहे. संस्कृतातल्या ‘भ’च्या जागी ग्रीकमध्ये नियमानं ‘फ’ यायला हवा, जसं ‘भरामि’ला ‘फेरो’. ग्रीक शब्दात ‘ब’ आहे. तेव्हा संस्कृत आणि ग्रीक शब्द नियमानं जुळत नाहीत आणि पंगत मोडते. नुसतं दिसणं आणि अर्थ जुळला म्हणून नातं ठरत नाही. वर्णांचा बदल इतर शब्दांतही त्याच नियमानं व्हायला हवा. कुंभ आणि कुम एकच असं ठामपणे सांगणारी साइट दिसली तर ती बंद करावी.

एव्हरेस्टच्या वेस्टर्न कुमखालीच खुंबूची हिमप्रपाताची वाट आहे. ‘खुंबू’ आणि ‘कुम’ यांचा काहीही संबंध नाही; एक त्या भागाचं स्थानिक नाव, दुसरं वेल्समधून नेलेलं. वेल्सचं वेल्श नाव ‘कम्री’ आणि उत्तर इंग्लंडमधला कंब्रिया हे आपसांत नातलग आहेत, पण त्यांचं मूळ ‘एका भूमीतले लोक, देशबांधव’ या अर्थाच्या शब्दात आहे, दरीत नाही. ‘दऱ्यांचा देश म्हणून कम्री’ ही गोड पण खोटी गोष्ट आहे.

केसांचा कंगवा म्हणजे इंग्रजी ‘कोम’ची स्पेलिंग दरीच्या एका स्पेलिंगशी अक्षर न् अक्षर जुळते. मूळ वेगळं, जुन्या इंग्रजीतलं ‘कॅम्ब’. आणि आणखी एक ‘कूम’ आहे : धान्याचं माप, चार बुशेलांचं. हे मूळचं भांड्याचं नाव, जर्मॅनिक कुळातलं. जुन्या इंग्रजीत दरी आणि भांडं दोन्ही ‘कुम्ब’च लिहिली जात. ऑक्सफर्ड त्यांना स्वतंत्र नोंदी देते, क्रमांक घालून. छोट्या कोशांत एखादी नोंद गायब असते आणि वाचक उरलेल्या नोंदीवर भलताच अर्थ लादतो. शोधल्यावर पहिल्या नोंदीवर थांबू नये. क्रमांक एक दिसला तर दोन कुठेतरी आहेच.

आणि ‘कोशात आहे म्हणजे खरं आहे’ असं वाटत असेल तर ‘डॉर्ड’ आठवावा. वेब्स्टरच्या १९३४ च्या मोठ्या आवृत्तीत हा शब्द ‘घनता’ या अर्थानं छापला गेला. असा शब्दच नव्हता. १९३१ मध्ये एका चिठ्ठीवर ‘डी ऑर डी’, म्हणजे मोठ्या किंवा लहान लिपीतलं डी हे अक्षर घनतेचा संक्षेप म्हणून वापरतात, असं लिहिलं होतं. ती चिठ्ठी संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि अक्षरं जोडून वाचली गेली. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही. चूक पकडली गेली ती त्या रिकाम्या जागेमुळे. तेव्हा कोशात एखाद्या विचित्र छोट्या शब्दाची व्युत्पत्ती नसेल आणि अवतरणही नसेल, तर तिथे थांबून दुसरा कोश उघडावा.

स्क्रॅबल खेळणाऱ्यांसाठी

आपला शब्द ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही अधिकृत शब्दयाद्यांत चालतो. सी तीन, डब्ल्यू चार, एम तीन, एकूण दहा गुण. इंग्रजी पद्धतीनं शेवटी एस लावलेलं अनेकवचनही चालतं. हातात एकही स्वर नसताना हा आणि त्याचा वेल्श सोबती ‘क्रुथ’ हे दोघं वाचवतात. क्रुथ हे तारवाद्य, सी-आर-डब्ल्यू-टी-एच असं लिहितात, तेरा गुणांचं. त्याचंच जुनं इंग्रजी रूप ‘क्राउड’, आणि ते वाजवणारा म्हणून ‘क्राउदर’ हे आडनाव. एखादा शब्द खेळात चालतो का हे विक्शनरीत तपासू नये. तिथे असलेले असंख्य शब्द खेळाच्या यादीत नाहीत. कॉलिन्सच्या साइटवर त्यासाठी वेगळी तपासणी आहे, तीच वापरावी.

शोधायचा क्रम

असा अनोळखी छोटा शब्द समोर आला तर आम्ही सुचवू तो क्रम असा. आधी विक्शनरीचं पान उघडून कोणकोणत्या भाषा आणि किती वेगळ्या व्युत्पत्त्या आहेत ते मोजावं. मग कॉलिन्समध्ये आजचे अर्थ. त्यानंतर देणाऱ्या भाषेचा कोश, आणि शेवटी ऑक्सफर्डची अवतरणं. एटिमऑनलाइन मधे केव्हाही वाचावं, पण तिथलं वाक्य उद्धृत करण्याआधी ते ऑक्सफर्डमध्ये किंवा जीपीसीमध्ये सापडतं का ते पाहावं. ‘कुम’साठी या सगळ्याला अर्धा तास लागतो. त्यातली दहा मिनिटं जीपीसीचे संक्षेप उलगडण्यात जातात. दुसऱ्या वेल्श शब्दाला तीही लागत नाहीत.